एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट : आठवीपासून दहावीच्या निकालापर्यंत

13 मे 2025 ला दहावीचा निकाल लागला आणि त्यात चित्रकलेचे 5 गुण जमा झालेले दिसले. आठवीत सुरू झालेलं एक काम त्या दिवशी पूर्ण झालं. माझी मावसबहीण यंदा आठवीत गेली आहे. तिने एलिमेंटरीबद्दल इतके प्रश्न विचारले, की सगळं एकदा सविस्तर लिहूनच काढावं असं वाटलं. मला त्या वेळी हे सगळं सांगणारं घरात कुणी नव्हतं. आई-पप्पा दोघांनीही या परीक्षा दिलेल्या नाहीत. त्यामुळे फॉर्म कुठे भरायचा इथपासून ते कोणती पेन्सिल घ्यायची इथपर्यंत प्रत्येक गोष्ट विचारत विचारत जावं लागलं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. या परीक्षांचं सरकारी नाव शासकीय रेखाकला परीक्षा. महाराष्ट्र राज्याचं कला संचालनालय त्या घेतं. पहिली एलिमेंटरी, दुसरी इंटरमिजिएट. प्रत्येकीत चार पेपर. एलिमेंटरीला वस्तुचित्र (समोरची वस्तू बघून), स्मरणचित्र (दिलेल्या विषयावर, आठवणीतून), संकल्पचित्र (म्हणजे डिझाइन, नक्षी) आणि कर्तव्यभूमिती (पट्टी-कंपासने आकृत्या)-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. दोन दिवसांत चार पेपर होतात, सकाळी एक आणि दुपारी एक. निकाल ए, बी, सी अशा श्रेणीत लागतो. दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीवर वाढीव गुण मिळतात : ए ला 7, बी ला 5, सी ला 3. मला बी होती.

आठवीची शाळा सुरू झाल्यावर काही दिवसांतच आमच्या चित्रकलेच्या सरांनी वर्गात नोटीस वाचून दाखवली. फॉर्म शाळेतूनच ऑनलाइन भरला जातो. आपण फक्त माहिती आणि फी द्यायची. फी मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ती बदलते. तुमच्या शाळेच्या नोटिशीत असेल तीच खरी. पण एक गोष्ट आवर्जून करा. शाळा माहिती भरल्यावर यादीची प्रिंट काढते, ती स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळ्यांचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे तसंच हवं. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं आणि दोन वर्षांनी दहावीच्या फॉर्मवरच्या नावाशी ते ताडून बघतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. प्रिंट बघितल्यामुळे ते तिथल्या तिथे दुरुस्त झालं. प्रमाणपत्र छापून आल्यावर हेच काम अर्ज, हमीपत्र आणि हेलपाटे यांत जातं.

साहित्याचा खर्च घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मला सुरुवातीला सगळं मिळून हजार-बाराशे रुपये लागले. पेन्सिली एचबी, 2बी, 4बी आणि 6बी. भूमितीसाठी वेगळी एच. पोस्टर कलरचा बारा बाटल्यांचा सेट, गोल ब्रश 2, 4, 6 आणि 8 नंबरचे, एक चपटा ब्रश, पॅलेट, ड्रॉइंग बोर्ड, क्लिपा, कंपासपेटी. सरावाचा कागद मात्र मी सुटा आणला. ड्रॉइंग बुकचे पातळ कागद रंगाच्या पाण्याने फुगतात आणि त्यावर केलेला सराव परीक्षेच्या कागदावर उपयोगाला येत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर रंग कमी घ्या, पण ब्रश चांगला घ्या. 4 नंबरचा एक चांगला, टोक धरून ठेवणारा ब्रश असला की निम्मं काम त्यावर होतं. मोठा महागडा सेट घेऊन त्यातले सात-आठ रंग न उघडताच वाळून गेलेले मी मैत्रिणींकडे पाहिलेत.

जुलैपासून शनिवारी शाळा सुटल्यावर सर सराव घ्यायचे. पहिले काही शनिवार रंगाला हातच लावू दिला नाही. फक्त पेन्सिल. कागदावर एक लांब पट्टी आखायची, तिचे पाच भाग करायचे, पहिला भाग कोरा ठेवायचा आणि शेवटचा 6बी ने जितका काळा होईल तितका करायचा. मधले तीन भाग असे भरायचे, की एकातून दुसऱ्यात जाताना उडी वाटू नये. ऐकायला सोपं आहे. पण बहुतेकांचे दुसरा, तिसरा आणि चौथा हे तिन्ही भाग जवळपास सारखेच यायचे. आपला हात मधल्या करड्या छटेवर रेंगाळतो आणि गडद करायला घाबरतो. सर म्हणायचे, चित्र फिकं दिसतं ते हाताच्या दोषाने नाही, काळं करायची भीती वाटते म्हणून.

मग वस्तू आली. पितळेचा तांब्या. सरांनी वर्गाची एका बाजूची दारं-खिडक्या लावून घेतल्या, दिवे घालवले आणि एकच खिडकी उघडी ठेवली. टेबलावर तांब्या. चित्र काढायच्या आधी फक्त बघायचं. उजेड डावीकडून येतोय. तांब्याच्या डाव्या पोटावर एक लहानसा, जवळजवळ पांढरा ठिपका आहे. त्याच्या भोवती उजळ भाग. मग मध्यछटा. मग उजवीकडे गडद पट्टा. मला वाटत होतं सगळ्यात गडद भाग अगदी उजव्या कडेला असेल. पण कडेच्या थोडं अलीकडेच तो गडद पट्टा संपत होता आणि कडेला पुन्हा किंचित उजेड होता. टेबलावरच्या पांढऱ्या कागदावरून परतलेला तो प्रकाश. सरांनी तो पांढरा कागद काढून तिथे काळं कापड सरकवलं, तर तो कडेचा उजेड गेला. पुन्हा कागद ठेवला, पुन्हा आला. परावर्तित प्रकाश हा शब्द पुस्तकात होताच, पण त्या दिवशी तो डोळ्यांना दिसला.

पडछायेचंही तसंच. तांब्याचं बूड जिथे टेबलाला टेकतं तिथे ती सगळ्यात काळी आणि कड स्पष्ट. लांब जाईल तशी फिकी आणि कड मऊ. ही एक गोष्ट नीट काढली तरी वस्तू टेबलावर बसते. नाहीतर ती हवेत तरंगताना दिसते, मग बाकी शेडिंग कितीही सुंदर असो.

माझ्यासाठी सगळ्या तयारीचं सार हेच आहे : चित्र सुरू करण्याआधी उजेड कुठून येतो ते ठरवायचं आणि शेवटपर्यंत ते बदलायचं नाही. वस्तुचित्रात, स्थिरचित्रात, स्मरणचित्रात, सगळीकडे. मी कागदाच्या कोपऱ्यात उजेडाच्या दिशेचा एक अगदी फिका बाण काढून ठेवायची आणि शेवटी खोडायची. बाण समोर असला की हात आपोआप त्या शिस्तीत चालतो.

शेडिंगच्या पद्धतीबद्दलही थोडं. बोटाने घासून गुळगुळीत करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. बोटाचं तेल कागदाला लागतं, तिथे चकचकीत डाग पडतो आणि मग त्यावर पेन्सिल धरत नाही. रेषांनीच छटा द्या. एका दिशेने रेषा, गडद हवं तिथे त्यावर तिरक्या दुसऱ्या रेषा. गोल वस्तूवर रेषाही पोटाच्या वळणाने जाऊ द्या, म्हणजे शेडिंग कमी असलं तरी गोलाई दिसते. हाताखाली एक कोरा कागद ठेवला की काढलेलं पुसत नाही. उजळ ठिकाण नंतर खोडरबराने काढण्यापेक्षा सुरुवातीपासून कोरं राखलेलं जास्त स्वच्छ दिसतं.

आकार चुकू नये म्हणून दोन सवयी लावून घेतल्या. एक, हात पूर्ण ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर माप घेणे. तांब्याची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने धरायची आणि उंचीत ती किती वेळा बसते ते बघायचं. कोपर वाकलं की माप बदलतं. दोन, आधी उभी मध्यरेषा काढून तिच्या दोन्ही बाजू जुळवणे. आणि लंबवर्तुळं! भांडं डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर त्याचं तोंड चपटं दिसतं आणि बूड त्याहून जास्त फुगीर. पुष्कळ मुलं बूड सरळ रेषेने काढतात, कारण बूड सपाट असतं हे डोक्याला माहीत असतं. कागदावर मात्र डोक्याला माहीत असलेलं काढायचं नाही, समोर दिसतं ते काढायचं. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना टोकदार कोपरा येऊ देऊ नका, तिथेही वळणच असतं.

घरी सरावाला स्वयंपाकघर पुरेसं आहे. आजीची कढई, कपबशी, किटली, वांगी, ढोबळी मिरची, कांदा. ट्यूबलाइट बंद करून बाजूला एक टेबललॅम्प लावला की छायाप्रकाश स्वच्छ दिसतो. वांग्यावर उजेडाचा ठिपका अगदी ठळक असतो, म्हणून सुरुवातीला वांगं उत्तम. भाजी संध्याकाळी लागणार असेल तर आईला आधी विचारून ठेवा.

ऑगस्टमध्ये रंग आले. पोस्टर कलरचं सगळं गणित पाण्यात आहे. दाट ताकाइतका पातळ रंग झाला की तो सपाट आणि सारखा बसतो. त्याहून घट्ट असेल तर ब्रशचे ओरखडे राहतात आणि वाळल्यावर कधी कधी तडे जातात. त्याहून पातळ झाला तर खालचा कागद दिसतो. हा रंग अपारदर्शक असतो, त्यामुळे गडदावर फिका देता येतो, पण खालचा थर पूर्ण वाळल्यावरच. ओल्यावर दुसरा रंग दिला की खालचा विरघळून वर येतो आणि दोन्हींचा चिखल होतो. जलरंगात उलट. तिथे पांढरं म्हणजे कागद. फिक्याकडून गडदाकडे जायचं आणि उजळ जागा आधीच सोडून ठेवायची. मी पोस्टर कलरच निवडला, कारण संकल्पचित्रालाही तोच लागतो आणि एकाच माध्यमावर हात बसवायला वेळ पुरतो.

सावलीसाठी काळा रंग मिसळू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. काळा घातला की पिवळ्याची सावली हिरवट आणि मळकट होते. पितळेसाठी मला जमलेलं मिश्रण असं : उजळ भागाला लेमन यलो आणि पांढरा, मधल्या भागाला यलो ऑकर, गडदाला बर्न्ट सायना आणि सगळ्यात गडद पट्ट्यात त्यातच थोडा अल्ट्रामरीन. चकाकणाऱ्या धातूत उजळ आणि गडद अगदी शेजारी शेजारी असतात, मध्ये हळूहळू छटा येत नाहीत. मातीच्या मडक्यात येतात. हा फरक दाखवला की वस्तू कशाची आहे ते न सांगता कळतं. रंग फार भडक वाटला तर त्यात त्याचा विरोधी रंग किंचित घाला. लालात हिरवा, निळ्यात नारिंगी, पिवळ्यात जांभळा. रंग शांत होतो आणि मरत नाही. मिसळलेला रंग आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या, कारण गडद रंग वाळल्यावर थोडा फिका दिसतो. अर्धी पार्श्वभूमी रंगवून रंग संपला आणि तोच पुन्हा जमला नाही, असं होऊ नये म्हणून मोठ्या जागेसाठी रंग सुरुवातीलाच भरपूर कालवून घ्यायचा.

एलिमेंटरीचं केंद्र आमच्या शाळेपासून एसटीने अर्ध्या तासावर होतं. बैठक क्रमांक शाळेतून मिळाला. चित्राचा कागद केंद्रावरच देतात, बाकी सगळं आपलं. बोर्ड, क्लिपा, रंग, पाण्यासाठी दोन डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ), जुन्या सुती साडीचा तुकडा, पेन्सिली आदल्या रात्री टोक करून. कागदावर ठरलेल्या चौकटीत फक्त बैठक क्रमांक वगैरे विचारलेलं लिहायचं. चित्रावर सही, नाव, कुठलीही खूण नाही.

वस्तुचित्राला वस्तू मध्ये मांडलेल्या असतात आणि मुलं भोवती बसतात. आपल्याला मिळालेल्या जागेवरून उजेड मागून येतोय असंही होऊ शकतं. मैत्रिणीला तशी जागा मिळाली. तिने वस्तूच्या कडेची उजळ किनार तेवढी पकडली आणि बाकी सगळं गडद ठेवलं. चित्र सुंदर दिसत होतं. म्हणून घरी सराव करताना दिवा कधी समोर, कधी मागे, कधी बाजूला ठेवून बघा.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत जेवून घ्या. मुलं या वेळात सकाळच्या चित्राची चर्चा करतात आणि दुपारच्या पेपरला थकून बसतात. डब्यात हाताला तेल लागणार नाही असं काहीतरी असावं. मी दशमी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

निकालाला काही महिने लागतात. मधल्या काळात कुणी काही सांगत नाही. वाट बघणं जड जातं, पण त्याला इलाज नाही. निकाल आला तेव्हा मला सी श्रेणी होती. मी पास झाले याचा घरी आनंद झाला. मला मात्र कुठे कमी पडलं ते हवं होतं आणि ते गुणपत्रक सांगत नाही. सरांसोबत सरावाची सगळी चित्रं जमिनीवर मांडून बघितली. वस्तुचित्रं बरी होती. स्मरणचित्रं एकजात सारखी होती : डोंगर, नदी, झोपडी आणि एकाच उंचीची, सरळ उभी माणसं.

स्मरणचित्राबद्दल माझं मत ठाम आहे. बाजारात मिळणारी तयार चित्रांची पुस्तकं पाठ करून हा पेपर देऊ नये. विषय भाजी मंडई, बसस्थानक, बागेत खेळणारी मुलं, सण अशा रोजच्या जगण्यातले येतात. ते सगळं आपल्या गावात आहे. पाठ केलेल्या चित्रात विषय थोडा जरी बदलला तरी हात अडतो. शिवाय एका क्लासची वीस मुलं एकच मंडई काढतात. नववीत मी दर सोमवारी आमच्या आठवडी बाजारात छोटी वही घेऊन बसायला लागले. चित्र नाही काढायचं, फक्त रेषा. तोलून देणाऱ्या मावशींचा वाकलेला खांदा. पिशवीच्या ओझ्याने एका बाजूला झुकलेला माणूस. ताडपत्रीच्या सावलीत बसलेले आणि उन्हात उभे असलेले यांच्या रंगातला फरक. सुरुवातीला लोक वहीत डोकावतात, लाज वाटते. पुढे सवय होते, त्यांनाही आणि आपल्यालाही. एका काकांनी तर स्वतःहून टोपलीशेजारी पोझ दिली.

प्रमाणं लक्षात ठेवायला दोन-तीन गोष्टी पुरतात. उभ्या मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, म्हणून पाच-सहा. सपाट जमिनीवर आपल्याइतकीच उंच माणसं जवळ असोत की लांब, त्यांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, फक्त पाय वरखाली होतात. ही एक गोष्ट कळली आणि माझी गर्दी जमिनीवर उभी राहिली. माणसं एकमेकांच्या आड काढा. लांबचे रंग फिके आणि निळसर ठेवा, जवळचे गडद आणि उबदार. दोन तासांचा पेपर असतो. त्यातली पहिली पंधरा मिनिटं कच्च्या मांडणीला दिली तरी ती वाया जात नाहीत.

त्याच वर्षी हिवाळ्यात सरांनी आम्हाला औंधला नेलं. आम्ही सातारा जिल्ह्यातलेच, पण त्याआधी यमाईच्या दर्शनापलीकडे औंध मला माहीत नव्हतं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय तिथे आहे. राजा रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रं भिंतीवर. छापील पानात साडीचा काठ नुसता पिवळा दिसतो. मूळ चित्रात जवळ जाऊन बघितलं तर तो काठ सावलीत तपकिरी, उजेडात जवळजवळ पांढरा आणि मध्ये कुठेतरी थोडासाच पिवळा आहे. आमच्या पाच भागांच्या पट्टीचंच ते काम. परत येताना सरांनी चित्रकार एस. एल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे प्रसिद्ध जलरंगातलं चित्र मोबाइलवर दाखवलं, जे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. साडी नेसलेली मुलगी, एका हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा. उजेड खालून येतो आणि बोटांमधून लाल होऊन झिरपतो. सगळं चित्र एका दिव्याच्या हिशोबाने रंगवलेलं आहे. सावंतवाडीकडच्या माणसाने हे पाण्याच्या रंगात केलं, हे कळल्यावर मी किती तरी वेळ ते बघत बसले. तुमच्या जवळपास असं संग्रहालय असेल तर परीक्षेआधी एकदा जाऊन या. त्याचा उपयोग कुठल्याही गाइडपेक्षा जास्त होतो.

इंटरमिजिएटचं स्थिरचित्र तीन तासांचं. वस्तू जास्त आणि मागे कापड. कापडाच्या चुण्यांना मुलं घाबरतात. सगळ्या चुण्या काढायच्या नसतात. डोळे किलकिले करून बघितलं की बारीक चुण्या नाहीशा होतात आणि तीन-चार मोठ्या उरतात, तेवढ्याच काढा. प्रत्येकीला एक उजेडाची बाजू आणि एक सावलीची बाजू. घरी खुर्चीवर ओढणी टाकून मी हाच सराव केला. वेळेचं वाटप माझं असं बसलं : पहिला अर्धा तास रेखाटन, मग मागचं कापड आणि टेबल, मग वस्तूंच्या मोठ्या छटा, आणि शेवटची वीस मिनिटं उजळ ठिपके, पडछाया आणि कडा यांना. कागद कोरा दिसतो म्हणून आधी वस्तू रंगवल्या, तर पार्श्वभूमी भरताना कडा खराब होतात.

संकल्पचित्राला हात स्वच्छ हवा, बाकी फार अवघड नाही. आकार लहान-मोठे ठेवा, सगळे एकाच मापाचे नकोत, आणि रंग मोजके. उष्ण रंगसंगती (लाल, नारिंगी, पिवळा) मागितली तर उष्णच. सपाट रंग, धारदार कडा. कडेसाठी 2 नंबरचा ब्रश आणि श्वास रोखून ओढलेली एक सलग रेघ.

भूमिती आणि अक्षरलेखनाकडे मात्र चित्रकलेची आवड असलेली मुलंच दुर्लक्ष करतात. रंगात जे ठरत नाही ते इथे ठरतं, कारण इथे उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं. एच पेन्सिलीला बारीक टोक, कंपासातल्या पेन्सिलीलाही. रचनेच्या रेषा फिक्या, पण खोडायच्या नाहीत. उत्तराची आकृती गडद. घनभूमितीत एलिव्हेशन (समोरून दिसणारी आकृती) आणि प्लॅन (वरून दिसणारी) एकाखाली एक तंतोतंत जुळायला हवेत. मला शंकू आणि चिती डोळ्यांपुढे येईनात, तेव्हा दादाने साबणाच्या वड्या कापून आकार करून दिले. ते टेबलावर ठेवून आधी समोरून आणि मग वरून बघायचं. अक्षरलेखनात देवनागरी असेल तर आधी शिरोरेषा आणि खालची रेषा आखून घ्या, मग प्रत्येक अक्षराची रुंदी फिक्या चौकटींनी वाटा. ‘र’ला आणि ‘क्ष’ला सारखी जागा दिली तर शब्द फाटका दिसतो.

इंटरमिजिएट झाली, पुन्हा तीच वाट बघणं. निकालानंतर प्रमाणपत्र शाळेत यायलाही वेळ लागतो. आलं की लगेच ताब्यात घ्या, नाव तपासा, दोन-तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन करून ठेवा. एलिमेंटरीचंही सांभाळून ठेवा, दोन्ही लागतात.

दहावीत काम असं होतं : शाळेत विहित नमुन्यातला अर्ज भरायचा, सोबत प्रमाणपत्रांच्या प्रती जोडायच्या. शाळा सगळ्या मुलांचे प्रस्ताव एकत्र करून विभागीय मंडळाकडे पाठवते. आमचं कोल्हापूर विभागीय मंडळ. याची मुदत असते आणि ती दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या गडबडीत येते, त्यामुळे मुलांच्या लक्षात राहत नाही. दिवाळीची सुट्टी संपली की ऑफिसमध्ये जाऊन विचारा. अर्ज दिल्यावर आपलं नाव प्रस्तावाच्या यादीत आहे का ते बघा. आम्ही मैत्रिणींनी एकत्र जाऊन यादी बघितली होती. क्लार्क मॅडमनी कटकट न करता दाखवली. 5 गुण म्हणजे 500 पैकी बरोब्बर एक टक्का. अकरावीच्या प्रवेशात एका टक्क्याने पसंतीचं कॉलेज मिळतं किंवा जातं, हेही खरं आहे.

मी सध्या अकरावीला आहे आणि बारावीनंतर बीएफएसाठी (चित्रकलेच्या पदवीसाठी) सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यायचा विचार आहे. त्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र आहेच, त्यामुळे आठवीतला सराव पुढे चालू आहे.

मावसबहिणीचा शेवटचा प्रश्न होता, क्लास लावू का? शाळेत चित्रकलेचे शिक्षक असतील आणि ते शनिवारी अर्धा दिवस देत असतील, तर लावू नकोस, असं मी तिला सांगितलं. शिक्षकच नसतील, आणि आता कित्येक शाळांत ते नाहीत, तर लाव. पण लावण्याआधी एक दिवस तिथे जाऊन बस. मुलं समोरची वस्तू बघून काढत असतील तर फी भर. भिंतीवरचं चित्र बघून काढत असतील तर ते पैसे एका चांगल्या ब्रशवर आणि सुट्या कागदावर खर्च कर.